संध्याकाळची शिंपल्यांची वाटी

प्रश्न : परसात बावीस कोंबड्या आहेत, चौदा गिरिराज (सुधारित जातीच्या) आणि आठ गावठी. मार्चपासून गिरिराजच्या अंड्यांचं कवच पातळ येतंय, उचलताना बोट आत जातं. दोनदा तर नुसत्या कातडीचं, कवचच नसलेलं अंडं सकाळी खुराड्यात मिळालं. गावठींची अंडी मात्र बऱ्यापैकी आहेत. खाणं म्हणजे उकड्या तांदळाचा भात, उरलेली पोय (गोव्याचा पाव), थोडा कोंडा आणि परसातलं चरणं. दुकानदार म्हणाला, हॉर्मोन बिघडलंय. त्याने कॅल्शियमची बाटली दिली. महिनाभर रोज सकाळी पाण्यातून देते आहे, फरक नाही. हॉर्मोन बिघडणं म्हणजे नेमकं काय? त्याचं इंजेक्शन मिळतं का?
— एक भगिनी, डिचोली तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण उत्तराचे सगळे धागे तुम्हीच त्यात लिहिले आहेत: मार्च महिना, भात आणि पोय, सकाळची बाटली, गावठी ठीक आणि गिरिराज आजारी. माझ्या मते तुमच्या कोंबड्यांची हॉर्मोन्स चोख काम करत आहेत. त्यांनी मागवलेला माल मात्र वेळेवर पोचत नाही. इंजेक्शन कुठलंही घेऊ नका. आता थोडं सविस्तर सांगते, कारण हे एकदा समजलं की पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

घरात गावठी कोंबडी कापली की तिच्या पोटात पिवळ्या गोळ्यांचा घोस दिसतो, तो तुम्ही पाहिला असेल. एक मोठा, त्याहून लहान दुसरा, मग तिसरा, असे मोहरीएवढ्या दाण्यांपर्यंत उतरत गेलेले. हे न घातलेल्या अंड्यांचे बलक. यातले लहान गोळे इस्ट्रोजेन नावाचं हॉर्मोन रक्तात सोडतात. ते यकृताला सांगतं, बलकाचा माल तयार कर. आणि हाडांना सांगतं, चुना, म्हणजे कॅल्शियम, साठवून ठेव.

हे हाडांचं काम मला आजही थक्क करतं. पशुवैद्याच्या नोकरीत असताना माझ्याकडे मेलेल्या कोंबड्या तपासायला यायच्या. तंगडीचं हाड सुरीने उभं चिरलं की कोंबडा असेल तर आत लालसर मगज आणि पोकळी दिसते. अंड्यावरची कोंबडी असेल तर त्याच पोकळीत बारीक, ठिसूळ हाडाची जाळी भरलेली असते. बोटाने दाबली तर रव्यासारखी कुरकुरते. पहिलं अंडं घालायच्या साधारण दोन आठवडे आधी इस्ट्रोजेन ही जाळी विणायला घेतं. हाडाच्या आत हाड. आजच्या प्राण्यांत पक्ष्यांच्या माद्यांतच ही गोष्ट सापडते, तीही अंड्यांच्या काळातच. २००५ साली टायरॅनोसॉरस रेक्सच्या एका मांडीच्या हाडात असंच आतलं हाड सापडल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, आणि ती डायनासोर मादी होती असा निष्कर्ष त्यांनी काढला. इतकी जुनी रीत आहे ही.

आता एका अंड्याचा दिवस बघा. समजा, तुमच्या गिरिराजने सकाळी आठला अंडं घातलं. अर्ध्या तासात पुढचा मोठा बलक घोसातून सुटतो. तो सुटावा असा हुकूम मेंदूखालच्या ग्रंथीतून आदल्या रात्रीच निघालेला असतो. त्या हुकमाचं नाव एलएच, आणि घोसातल्या सगळ्यांत मोठ्या गोळ्याने सोडलेलं प्रोजेस्टेरॉन त्याला जोर देतं. बलक नरसाळ्यासारख्या तोंडातून नळीत उतरतो. पुढचे तीन तास त्याच्यावर पांढरं चढतं, मग तास-सव्वा तासात वरच्या दोन पातळ कातड्या. म्हणजे दुपारी एकच्या सुमारास तुमच्या हाती लागलं तेच कातडीचं अंडं तिच्या पोटात तयार असतं. तिथून ते कवचाच्या पिशवीत जातं आणि अठरा ते वीस तास तिथेच राहतं. सुरुवातीचे चार-पाच तास कवच अगदी हळू धरतं. खरी भरती संध्याकाळी सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते.

कोंबडी तेव्हा काय करत असते? सहा-साडेसहाला दांडीवर चढून बसलेली असते. पोटात सकाळचं-दुपारचं जे असेल ते, आणि रात्रभर चोचीला काही नाही.

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, गावठीच्या लहान अंड्यात थोडं कमी. कोंबडीच्या सगळ्या हाडांत मिळून असतं साधारण वीस ग्रॅम. म्हणजे एका रात्रीत सगळ्या सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा चुना ती कवचावर चढवते. रक्तात एका वेळी जेवढं कॅल्शियम फिरत असतं, ते ऐन भरतीत दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतक्या वेगाने कवचाची पिशवी ते ओढते. ते संपू द्यायचं नाही, हे काम मानेच्या मुळाशी असलेल्या इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथींचं. रक्तातलं कॅल्शियम किंचित उतरलं की त्या आपलं हॉर्मोन सोडतात. ते मूत्रपिंडाला ड जीवनसत्त्वाचं सर्वांत जोरकस रूप तयार करायला लावतं, त्याला कॅल्सिट्रायॉल म्हणतात. कॅल्सिट्रायॉल आतड्याला सांगतं, पोटात जो चुना आहे तो सगळा उचल. आणि पोटात काहीच नसेल तर पॅराथायरॉइडचं हॉर्मोन हाडाकडे जातं आणि ती विणलेली जाळी उसवायला लागतं. पोटभर मिळणारी कोंबडीसुद्धा कवचाचा वीस ते चाळीस टक्के चुना रात्री हाडातून आणते आणि दिवसा पुन्हा भरून काढते. भातावरची कोंबडी भरून काढणार कशातून?

तुमची बाटली इथेच फसली. सकाळी नऊला पाण्यातून गेलेलं कॅल्शियम पातळ असतं, झटकन पोटातून पुढे सरकतं. थोडं हाडात जातं, बाकीचं विष्ठेतून आणि लघवीतून निघून जातं. रात्री दोनला, गरज असते तेव्हा, त्यातलं पोटात काही उरलेलं नसतं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही लोकांना सकाळीच द्यायला सांगत होते आणि अंडी सुधारत नाहीत म्हणून औषध बदलत होते.

मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. माझं माहेर पेडण्याचं, खाडीकाठचं. घरात तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, आल्या की आजी एका शिंपल्यात मांस ठेवून एकशिपी करायची आणि राहिलेल्या शिंपल्या धुऊन पत्र्यावर वाळत टाकायची. दोन दिवसांनी पाट्यावर जाडसर ठेचायची. ठेचताना कण उडायचे म्हणून वर गोणपाटाचा तुकडा धरायची. आणि ते कण कोंबड्यांना घालायची ते दिवेलागणीच्या आधी. ‘रातचां काम आसता तांचां’ एवढंच तिचं स्पष्टीकरण. मला पदवीच्या पुस्तकातून ही गोष्ट नीट समजायला पुढची वीस वर्षं लागली.

शिंपल्याचा जाड कण कोंबडीच्या दगडीत, म्हणजे गिझर्डमध्ये, अडकून राहतो आणि रात्रभर थोडा थोडा विरघळत जातो. पूड केलीत तर तो फायदा गेला. कण तांदळाच्या कणीएवढे हवेत, दोन ते चार मिलिमीटर. अंड्यावरच्या एका कोंबडीला दिवसाला साधारण चार ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम शिंपला, पोह्याच्या चमच्याने दोन-तीन चमचे. पण मोजून घालू नका. दुपारी चारच्या सुमारास वेगळ्या वाटीत ठेवा आणि त्यांच्यावर सोडा. कवच धरायची वेळ आली की कोंबडी आपण होऊन चुना शोधते, आणि जिला नको ती तोंड लावत नाही. भातात कालवू नका, कारण तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या, पोटात एवढा चुना गेला तर त्यांचे मूत्रपिंड बिघडतात.

डिचोलीत शिंपल्या रोज मिळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. बाजारात तिसऱ्या, खुबे, कालवं विकणाऱ्या बाईला सांगून ठेवा. खानावळीतून तर टोपलीभर मिळतील. मसाल्याच्या असतील तर उकळून घ्या, मीठ-मिरची निघून जाऊ दे. पशुखाद्याच्या दुकानात शिंपल्याचा चुरा आणि चुनखडीची कणी तयार मिळते, ती स्वस्त आहे. घरची अंड्यांची टरफलंही चालतील, तव्यावर कोरडी भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून. अख्खी टाकलीत तर कोंबड्यांना अंडी फोडायची सवय लागते. पानाचा चुना मात्र देऊ नका. शिंपला भाजून काढला की तो चुना होतो आणि चुना तोंड-घसा पोळतो. न भाजलेला शिंपला निरुपद्रवी आहे.

मार्चच का, हेही तुमच्या लक्षात यावं. कवच म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे, ते कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कार्बोनेट येतं रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमधून. उकाड्यात कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. प्रत्येक धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाच्या पिशवीला तोच कमी पडतो. शिवाय उन्हाळ्यात ती खाते कमी. आपल्याकडे मार्च ते मे रात्रीसुद्धा दमट असतात, म्हणजे धाप रात्रीही थांबत नाही, आणि कवच रात्रीच घडतं. म्हणून पत्र्याच्या खुराड्यावर माडाची झापं टाका, दोन्ही बाजूंनी जाळी ठेवा, पाणी मातीच्या भांड्यात सावलीत ठेवा. ऐन कडाक्याचे आठ-दहा दिवस एक लिटर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर मदत होते, बारमाही नको.

गावठी का वाचल्या? त्या दहा-बारा अंडी घालतात आणि खुडूक बसतात. हाडांना उसंत मिळते. गिरिराज खुडूक बसत नाही म्हणूनच आपण ती आणतो, आणि तिची उसंत आपणच वाटीतून द्यायची असते. आपली जमीन जांभ्याची, आंबट, चुन्याची गरीब. किनाऱ्यावरच्या कोंबडीला वाळूत शिंपल्याचा कण मिळतो, डिचोली-सत्तरीतल्या कोंबडीला चरून चरून लाल मातीच मिळते. पावसात गोगलगायी निघतात तेव्हा थोडा चुना त्यांच्या पोटात जातो, तेवढाच.

एक प्रसंग सांगते. सत्तरीतल्या एका गावात एक आजीबाई कोंबडी पदराखाली घेऊन आल्या होत्या. सकाळपासून पाय सरळ होत नव्हते, कुशीवर पडून होती, डोळे मात्र लख्ख. ‘रोज अंडं देते हो, एक दिवस चुकवत नाही,’ त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी पोटाला हात लावला तर आत कवच धरलेलं अंडं लागत होतं. छातीचं हाड वाकलेलं होतं. आम्ही कॅल्शियम दिलं, पण ती दुपारी गेली. आजीबाईंच्या परवानगीने मी तंगडीचं हाड चिरलं. आतली जाळी संपलेली होती आणि बाहेरची भिंत इतकी पातळ होती की नखाने दबत होती. अंड्याचं कवच मात्र सुंदर होतं, जाड आणि गुळगुळीत. इस्ट्रोजेनने घोस चालू ठेवला होता, पॅराथायरॉइडने हाड उसवत ठेवलं होतं, आणि दोघांपैकी कुणी चुकलं नव्हतं. तुमच्या एखाद्या गिरिराजची चाल बदलली, ती दांडीवर चढायला कुरकुरायला लागली, तर थांबू नका. तिला वेगळी करा, सावलीत ठेवा, शिंपल्याची वाटी समोर ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा.

वाटी सुरू केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत कवच हाताला लागायला हवं. नाही लागलं, किंवा कवच सुरकुतलेलं येऊन आतलं पांढरं पाण्यासारखं पातळ झालं, कोंबड्या शिंकू लागल्या, तर ते श्वासनळीच्या विषाणूचं दुखणं असू शकतं. मानमोडीतही अंडी अशीच बिघडतात. मग अंडी घेऊनच दवाखान्यात जा. मधल्या काळात सल्फाच्या गोळ्या दिल्या असतील तर तेही सांगा. त्यातली काही औषधं नेमकं कार्बोनेट बनवणारं यंत्रच बंद पाडतात.

प्रश्न : दिवाळीत आमच्या घराजवळ नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत मोठे स्पीकर होते. दुसऱ्या दिवशी एकाही कोंबडीने अंडं दिलं नाही. तिसऱ्या दिवशीच्या अंड्यांवर पांढरी पूड होती, आणि दोन अंड्यांची एक बाजू चपटी होती. खावीत का? पूड हे काही रोगाचं लक्षण आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : निर्धास्त खा. ती पूड म्हणजे कवचाचाच जादा थर.

अंडं बाहेर येतं ते पिशवी आवळली की. ती आवळायचा हुकूम मेंदूखालच्या ग्रंथीच्या मागच्या भागातून येणारं व्हॅसोटोसिन नावाचं हॉर्मोन देतं, आणि आदल्या दिवशी बलक सुटून रिकामी झालेली घोसातली पिशवीही प्रोस्टाग्लँडिन सोडून त्याला साथ देते. कोंबडी घाबरली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि कवचाची पिशवी सैल पडते. तयार अंडं आतच राहतं आणि त्याच्यावर चुना चढत राहतो. मग मागून येणारं दुसरं अंडं त्याला टेकतं आणि मऊ असल्यामुळे टेकलेल्या बाजूने चपटं होतं. तुमच्या दोन अंड्यांची कहाणी हीच. याच्या उलटही घडतं, घाबरलेली कोंबडी अर्धवट कवचाचं अंडं वेळेआधी टाकून देते.

कोंबड्या चार-पाच दिवसांत सावरतात. पुढच्या वर्षी चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी खुराडं आवाजाच्या विरुद्ध बाजूला, शक्य असेल तर न्हाणीघरात किंवा कोठीत हलवा आणि अंधार ठेवा. मुलांना नरकासुर हवाच असतो, मला त्याची तक्रार नाही. पण स्पीकरचं तोंड वळवायला त्यांना प्रेमाने सांगा. वासरं आणि म्हातारी माणसंही त्या रात्री झोपत नाहीत.

प्रश्न : बाजारातली पांढरी अंडी हॉर्मोनची इंजेक्शनं देऊन काढतात असं सासूबाई म्हणतात. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला लवकर पाळी येईल या भीतीने घरात अंडी बंद केली आहेत. तुमचं मत काय?
— एक आई, म्हापसा

उत्तर : मुलीला अंडी सुरू करा. आजच्या आज करा.

वर सांगितलं ते पुन्हा बघा. कोंबडीचं अंडं तिच्या स्वतःच्याच हॉर्मोनच्या अचूक वेळापत्रकावर चालतं. बाहेरून एखादं हॉर्मोन टोचलं तर ते वेळापत्रक मोडतं आणि अंडी कमी होतात. हजारो कोंबड्यांना एकेकीला धरून रोज सुई टोचणं कुठल्याही शेडमालकाला परवडणार नाही, आणि धरपकडीने घाबरलेली कोंबडी काय करते ते फोंड्याच्या वाचकांनी पाहिलंच आहे. पांढरं अंडं पांढरं असतं ते व्हाइट लेगहॉर्न वंशामुळे. रोज अंडं मिळतं ते पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीमुळे, मापात दिलेल्या खाद्यामुळे आणि दिव्यामुळे.

सासूबाईंच्या बोलण्याला मूळ नाही असंही नाही. अमेरिकेत एके काळी मांसासाठीच्या कोंबड्यांच्या मानेत कृत्रिम इस्ट्रोजेनच्या गोळ्या बसवत असत. १९५९ साली ते तिथे थांबवलं गेलं. तो मांसाचा मामला होता, अंड्यांचा नव्हे. ही गोष्ट त्यांना आदराने सांगा, ऐकतील. वाढत्या मुलीच्या ताटातलं अंडं काढून घेणं मला फार लागतं, कारण तेवढ्या पैशांत तसली प्रथिनं दुसरीकडे मिळत नाहीत.

प्रश्न : खुराड्यात रात्रभर बल्ब ठेवला तर अंडी वाढतात का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : वाढतात ती रात्रभर ठेवून नव्हे, दिवस लांबवून. उजेड कोंबडीच्या कवटीतून आरपार मेंदूपर्यंत पोचतो आणि वर सांगितलेली एलएचची साखळी तिथून हलते. चौदा ते सोळा तास उजेड मिळाला की ती जोमात चालते. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सव्वाअकरा तासांचा आणि जूनमध्ये तेरा तासांचा. म्हणून हिवाळ्यात पहाटे तीन तास मंद बल्ब लावा. पहाटे यासाठी की संध्याकाळी बल्ब अचानक विझला तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत, जमिनीवरच राहतात.

फक्त, बल्ब लावायच्या आधी शिंपल्याची वाटी लावा. आणि तुमच्याकडे गावठी असतील तर बल्ब लावूच नका, त्यांना खुडूक बसू द्या.